कपाचा कान काढू नका, कानातलं भोक काढा

शाळेत एलिमेंटरीच्या परीक्षेची तयारी चालू होती तेव्हाची गोष्ट. वस्तुचित्रासाठी सरांनी टेबलावर एक कपबशी, एक तांब्या आणि मागे टॉवेल असं काहीतरी मांडलं होतं, आणि माझा कप काही केल्या कप दिसेना. कपाचं अंग बरं जमलं होतं पण कान असा लोंबत होता की वाटावं कोणीतरी नंतर फेविकॉलने चिकटवलाय. खोडून खोडून कार्ट्रिज पेपरची तिथे लव उठली. सर मागून आले, माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि म्हणाले, "कान काढूच नकोस. कानातलं भोक काढ." मला वाटलं चेष्टा करतायत. पण मग खरंच भोकाकडे बघितलं तर ते मला वाटत होतं तसं गोल नव्हतंच, वरून जवळजवळ सपाट, खाली निमुळतं, आंब्याच्या कोयीसारखं काहीतरी, तेवढं काढलं, त्याच्याभोवती कानाची जाडी दिली आणि कान कपाला जाऊन बसला.

त्या भोकाला निगेटिव्ह स्पेस म्हणतात हे कळायला पुढे बरीच वर्षं गेली. आता मी स्वतः रविवारी मुलांना ड्रॉइंग शिकवते (आणि त्यांच्या आयांनाही, त्याच जास्त सिरियस असतात) आणि दर बॅचला हा विषय आला की तोच गोंधळ होतो, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतेय.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. पॉझिटिव्ह स्पेस म्हणजे चित्रातली वस्तू, माणूस, झाड, जे काही 'आहे' असं आपण म्हणतो त्याने व्यापलेली जागा. निगेटिव्ह स्पेस म्हणजे त्याच्या भोवतीची, मधली, आरपार दिसणारी जागा. एवढंच. निगेटिव्ह म्हणजे वाईट नाही, काळी नाही, आणि रिकामी तर मुळीच नाही, तिथे मागची भिंत असेल, आभाळ असेल, पडदा असेल. आमच्याकडे एक काकू कायम "निगेटिव्ह म्हणजे पांढरं ना?" असं विचारायच्या. नाही. वारली चित्रात बघा ना, गेरूने सारवलेली भिंत आणि त्यावर तांदळाच्या पिठाने काढलेली माणसं, तिथे पॉझिटिव्ह पांढरं आहे आणि निगेटिव्ह तांबडं. आणि वारली माणसाचं अंग म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, त्यामुळे कंबरेच्या दोन्ही बाजूंना गेरूचे आपोआप दोन त्रिकोण तयार होतात. ते कोणी काढलेले नसतात पण असतात. तारपा वाजवणाऱ्याभोवतीच्या नाचात दोन माणसांच्या मधल्या गेरूच्या तुकड्यांकडे बघत बघत गोल फिरा, नाच त्या तुकड्यांमुळे फिरतोय असं वाटायला लागतं.

दुसरं, कुठलं पॉझिटिव्ह आणि कुठलं निगेटिव्ह हे कायमचं ठरलेलं नसतं. ते फुलदाणी आणि दोन चेहऱ्यांचं चित्र सगळ्यांनी कधी ना कधी पाहिलंय, एडगर रुबिन नावाच्या डॅनिश मानसशास्त्रज्ञाने १९१५ च्या सुमाराला ते प्रसिद्ध केलं. मधे बघितलं तर फुलदाणी, कडेला बघितलं तर समोरासमोर दोन माणसं. त्यातली गंमत अशी की दोन्ही एकदम दिसत नाहीत, कारण मधली रेघ एकच आहे आणि आपला मेंदू ती रेघ एका वेळी एकालाच देतो, फुलदाणीला दिली की चेहरे नुसती भिंत होऊन जातात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे सगळीकडे लागणार आहे: रेघ एकच, मालक दोन. शेताच्या बांधासारखं. बांध सरकवला की तुमचं शेत वाढतं आणि शेजाऱ्याचं तेवढंच कमी होतं, त्यामुळे तुमचं बरोबर मोजलंय की नाही हे शेजाऱ्याचं मोजूनही कळतं.

सगळी चित्रं अशी दोन भागांत वाटता येतात का, तर नाही. अमूर्त चित्रं काढणाऱ्या वासुदेव गायतोंड्यांच्या चित्रासमोर उभं राहून यातलं पुढचं कुठलं आणि मागचं कुठलं विचारलंत तर हाती काही लागायचं नाही, तिथे रंग आणि जागा एकमेकांत विरघळलेत. पण आपल्याला सध्या कप आणि स्टूल काढायचंय, तर तिथेच राहू.

हे का चालतं, याबद्दल थोडं

कपाचा कान मला का जमत नव्हता? कारण मला माहीत होतं कान कसा असतो. 'कान' म्हटलं की डोक्यात एक तयार चित्र असतं, उलट्या सी सारखं, आणि हात तेच काढतो, समोरचा कप कुठल्याही कोनात ठेवलेला असू दे. स्टुलाचे पाय सारखे असतात हे माहीत असतं म्हणून चारही सारखे काढले जातात. बसायची फळी चौकोनी असते हे माहीत असतं म्हणून ती वरून बघितल्यासारखी चौकोनी निघते आणि पाय मात्र समोरून. भोकाचं मात्र आपल्याला काहीच माहीत नसतं. त्याला नाव नाही, त्याचं तयार चित्र डोक्यात नाही, त्यामुळे ते काढायला बसलं की बघावंच लागतं, दुसरा इलाज नसतो. एवढीच काय ती ट्रिक आहे. टॅलेंट वगैरे नंतर.

आधी एक खिडकी कापा

घरात जुन्या लग्नपत्रिका असतात. जाड बघून एक घ्या आणि मधे आयताकृती खिडकी कापा. माप असं की तुमच्या कागदाशी प्रमाण जुळलं पाहिजे. परीक्षेला मिळतो तो पाव इम्पिरिअल कागद ११ बाय १५ इंच असतो, मग खिडकी ५.५ बाय ७.५ सेंटीमीटर कापा, त्याच प्रमाणात बसते. तिच्या चारही कडांच्या मध्यावर पेनाने छोट्या खुणा करा आणि कागदावरही तशाच चार खुणा करा.

ही खिडकी कशाला, असं सगळे विचारतात, आणि निम्मे लोक ही पायरी गाळतात आणि मग म्हणतात जमत नाही. अहो, वस्तूच्या मधल्या फटीला कड आहे, पण वस्तूच्या बाहेरची जागा कुठे संपते? ती भिंतीपर्यंत, दारापर्यंत, शेजारच्या बिल्डिंगपर्यंत पसरलीय. जिला शेवट नाही तिला आकार नाही आणि जिला आकार नाही ती काढणार कशी. खिडकीची कड लागली की बाहेरच्या जागेलाही चौथी बाजू मिळते. एक डोळा मिटून, हात तोच आणि तेवढाच लांब ठेवून बघायचं. आणि खिडकी पुढेमागे करत वस्तूची टोकं निदान दोन बाजूंना कडेला टेकतील अशी जागा शोधायची, थोडी कापली गेली तरी चालेल, चांगलंच.

आता स्टूल

माझ्या अनुभवात पहिल्यांदा स्टूलच घ्यावं. साधं चार पायांचं लाकडी, पायांच्या मधे आडव्या पट्ट्या असतात ते. मोल्डेड प्लास्टिकची खुर्ची नको, तिला सगळीकडे गोलाई असते आणि फटी कमी. स्टूल जरा लांब ठेवा, आठ-दहा फुटांवर, मागे साधी भिंत असेल असं, आणि सरळ समोरून नाही, थोडं तिरकं.

कागदावर स्टूल काढायचं नाही. मी वर्गात 'स्टूल' हा शब्दच वापरू देत नाही, "बाई फळीची कड..." असं कोणी म्हणालं की मी म्हणते कसली फळी, कुठे आहे फळी, मला फक्त भिंतीचे तुकडे दिसतायत.

पहिला तुकडा निवडा जो सगळ्या बाजूंनी बंद आहे. बहुतेक वेळा पुढच्या दोन पायांच्या मधला, वर फळी आणि खाली आडवी पट्टी यांच्यात अडकलेला भिंतीचा तुकडा. मागचा एखादा पाय त्यातून दिसत असेल तर या तुकड्याचे दोन तुकडे झालेले असतील, मग त्यातला मोठा घ्या. त्याच्याकडे जरा वेळ नुसतं बघा. हळूहळू ती फट पुढे येते, म्हणजे खरंच, भिंतीवर कोणीतरी वेडावाकडा चौकोनी कागद चिकटवलाय असं दिसायला लागतं आणि स्टूल मागे जातं. हे व्हायला कोणाला दहा सेकंद लागतात कोणाला पाच मिनिटं, पण ते होईपर्यंत पेन्सिल लावू नका.

मग मोजायचं. पेन्सिल हातात आडवी धरून, कोपर सरळ, एक डोळा बंद, तुकड्याची रुंदी अंगठ्याने पेन्सिलीवर धरा आणि मग पेन्सिल उभी करून ती त्याच्या उंचीत किती वेळा बसते ते बघा. दीड वेळा? दोनला जरा कमी? त्या प्रमाणात तो एक तुकडा कागदावर काढा, खिडकीतून जिथे दिसतो तिथेच, त्यासाठीच तर त्या खुणा केल्या होत्या. आता हा तुकडा म्हणजे तुमचं माप झालं. पुढचं सगळं याच्याशी ताडून बघायचं, शेजारची फट याच्या निम्मी आहे का, याच्यापेक्षा वर सुरू होते का खाली.

दोन तुकड्यांच्या मधे जे उरतं ते पायाची जाडी. ती काढायची नाही, ती उरली पाहिजे. इथे सगळे गडबड करतात, दोन फटी काढतात आणि मग उत्साहाच्या भरात पायाची आऊटलाइन गडद करायला घेतात. थांबा. हात मागे.

सगळ्यात त्रास देणारा तुकडा म्हणजे खालचा. आडव्या पट्टीच्या खाली, दोन पायांच्या मधे जमिनीकडे उघडा पडलेला. त्याला तळ नाही. मग तळ आपण द्यायचा, दोन पाय जमिनीला जिथे टेकतात ती दोन टोकं मनाने जोडायची. आणि इथे लगेच कळतं की ही रेघ आडवी नाहीये, तिरकी आहे, कारण एक पाय आपल्या जवळ आहे आणि एक लांब. पर्स्पेक्टिव्हचं अख्खं लेक्चर जे मुलांच्या डोक्यावरून जातं ते या एका तिरक्या रेघेत आपोआप येतं, व्हॅनिशिंग पॉइंट वगैरे न म्हणता.

मग बाहेरच्या जागा. डाव्या पायापासून खिडकीच्या डाव्या कडेपर्यंतचा आकार, उजवीकडचा, आणि फळीच्या वरचा. हे मोठे असतात म्हणून लोक कंटाळतात आणि अंदाजाने उरकतात. उरकू नका, फळीचा उतार याच आकारांवरून ठरतो.

शेवटचा तुकडा काढताना बहुतेक पहिल्यांदा तो बसत नाही. फट एवढीशी असायला हवी आणि कागदावर जागा राहिलीय दुप्पट. घाबरू नका, ही पद्धत बिघडलेली नाही, उलट काम करतेय, महिन्याच्या शेवटी हिशोब जुळला नाही की कळतं ना कुठेतरी एक बिल लिहायचं राहिलंय, तसं. फक्त शेवटच्या फटीला दाबून ताणून बसवू नका. मागे जा, पहिल्या तुकड्याशी एकेक फट परत ताडून बघा, चूक बहुधा दुसऱ्या तिसऱ्या तुकड्यात सापडते.

झालं की सगळे भिंतीचे तुकडे काळ्या शाईने नाहीतर जाड मार्करने भरून टाका. आत पांढरं स्टूल उभं राहील, ज्याची तुम्ही एकही रेघ काढलेली नाही. पहिल्यांदा हे झालं की माणसं कागद लांब धरून बघत बसतात, एका आजोबांनी तर फोटो काढून नातेवाईकांच्या ग्रुपवर टाकला होता, खाली लिहिलं होतं "मी काढले नाही, राहिले".

कात्रीचा एक खेळ

डोळ्याला सवय लागली की हाताला लावायची. जपानी भाषेत नोतान म्हणून एक शब्द आहे, गडद आणि फिक्या भागांचा तोल अशा अर्थाचा, आणि तो शिकवायला जगभर एक कागद कापायचा एक्सरसाइज करतात. दोन्ही बाजूंनी काळा असलेला कार्डपेपर घ्या. दोन्ही बाजूंनी हे महत्त्वाचं आहे, मी पहिल्यांदा घोटीव कागद आणायला सांगितला होता आणि तो मागून पांढरा असतो, तुकडा उलटला की गायब, अख्खा वर्ग माझ्याकडे बघतोय.

काळा चौकोन १० सेंटीमीटरचा कापा, आणि तो २० सेंटीमीटरच्या पांढऱ्या कागदाच्या मधोमध ठेवा, चिकटवू नका अजून. आता काळ्या चौकोनाच्या डाव्या कडेपासून सुरू करून एखादा आकार आत कापत जा आणि त्याच कडेला परत या, समजा अर्ध्या पानाचा आकार. तो तुकडा बाहेर काढा आणि कडेवर बिजागरी आहे असं समजून दार उघडतो तसा बाहेरच्या बाजूला उलटा. आत अर्धं पांढरं पान, बाहेर अर्धं काळं पान, मिळून एक अख्खं पान. तसं चारही बाजूंना करा. पानात शीर हवी असेल तर काळ्या तुकड्यातून शीर कापून ती परत उलटून आतल्या पांढऱ्या पानात तिच्या जागी ठेवायची. नियम एकच, काहीही फेकायचं नाही. शेवटी टेबलावर एकही कपटा उरला नसेल तर बरोबर केलंत.

कोपऱ्यापासून दोनेक सेंटीमीटर जागा सोडा आणि शेजारशेजारच्या बाजूंचे आकार आत एकमेकांना भिडू देऊ नका, नाहीतर चौकोनाचेच तुकडे पडतात. आणि सगळं मांडून झाल्याशिवाय गोंद उघडू नका, यात कोणीही ऐकत नाही ते सोडा.

दिवाळीत कंदील करणाऱ्यांना हे नवीन वाटायचं नाही. काळ्या कार्डपेपरवर नक्षी कोरायची, मागून रंगीत पतंगी कागद लावायचा. दिवसा बघितलं तर काळी जाळी दिसते, ती पॉझिटिव्ह. संध्याकाळी आत बल्ब लागला की भोकं उजळतात आणि कोयरी, मोर, फुलं सगळं भोकांचं दिसायला लागतं, काळं मागे जातं. कंदील तोच, फक्त उजेडाची बाजू बदलली.

कागदावर वस्तू कुठे बसवायची

इथपर्यंत समोर दिसतं ते काढत होतो. आता चित्राची मांडणी, म्हणजे कंपोझिशन. मुलं हमखास वस्तू मधोमध काढतात, छोटीशी, आणि चारी बाजूंना सारखी जागा सोडतात. मग बॅकग्राऊंड रंगवायचं राहिलं हे शेवटच्या दहा मिनिटांत आठवतं आणि डब्यातल्या उरलेल्या गढूळ पाण्याने ते उरकलं जातं. स्वतः मीही इंटरमीजिएटला स्थिरचित्रात हेच केलं होतं, ग्रेड विचारू नका.

करायचं असं की मोठं चित्र काढायच्या आधी काडेपेटीएवढे पाच-सहा चौकोन आखा आणि प्रत्येकात फक्त दोन टोन, काळा आणि पांढरा, वस्तू एका रंगात बाकी सगळं दुसऱ्यात. डोळे किलकिले करून बघा. बाहेरच्या जागांचे तुकडे सगळे एकाच मापाचे दिसत असतील तर चित्र झोपलेलं असतं. एक मोठा, एक मधला, एक अगदी बारीक असे तुकडे पडले की जरा जीव येतो. त्यासाठी वस्तू सरकवा, मोठी करा, कडेने कापा. आणि एक गोष्ट टाळा, दोन कडा एकमेकींना नुसत्या टेकणं. तांब्याची कड बरोबर टेबलाच्या रेघेवर, नाकाचं टोक बरोबर कागदाच्या कडेला. एक तर नीट एकावर एक येऊ द्या नाहीतर स्पष्ट फट ठेवा. नुसतं टेकलं की मधली जागा मरते आणि नजर तिथेच अडकून बसते.

मोठी मोकळी जागा ठेवायची भीती वाटते हे मला मान्य आहे. "बाई, एवढं कोरं सोडलं तर मार्क कापतील" हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलंय. त्यांना मी हासेगावा तोहाकू या जपानी चित्रकाराचे पाइन झाडांचे घडीचे पडदे दाखवते, सोळाव्या शतकाच्या शेवटचे, टोकियोच्या नॅशनल म्युझियममध्ये आहेत. शाईने काढलेली थोडीशी झाडं आणि बाकी सगळा नुसता कागद. पण तो कागद कागद वाटत नाही, धुकं वाटतो, ओलं, माळशेज घाटात पावसाळ्यात येतं तसं. तिथे तोहाकूने काहीच केलेलं नाही असं म्हणणं म्हणजे त्या झाडांच्या कडा विरत विरत कशा सोडल्यात हे न बघणं. कोरी जागा बोलायला लागते ती शेजारच्या कडेमुळे. नुसतं सोडून दिलं तर ते अपुरंच दिसतं, मार्क कापणारे तिथे बरोबर असतात.

याच्या एकदम उलटं टोक म्हणजे एशर या डच चित्रकाराचं 'डे अँड नाइट', १९३८ चा वुडकट, म्हणजे लाकडी ठशाने छापलेलं चित्र. खाली शेतांचे चौकोन, वर जाताजाता ते पक्षी होतात, पांढरे पक्षी एकीकडे उडतायत आणि काळे दुसरीकडे, आणि पांढऱ्यांच्या मधल्या फटी म्हणजेच काळे पक्षी. तिथे उरलेली जागा नावाची चीजच नाही. कॉपी करून बघाच एकदा, अर्ध्या तासात डोकं धरून बसाल.

अक्षरांत तर हे रोजचंच

रवा आणि खा. हे दोन शब्द शेजारी शेजारी हाताने लिहून बघा. र आणि व यांच्या मधली फट पुरेशी ठेवलीत तर रवा, चिकटवलेत तर खा. जुन्या वळणाच्या ख मधे तर र आणि व खालून जोडलेलेही नसायचे, त्यामुळे घोळ आणखी व्हायचा, आता छापतात त्या ख मधे खाली ती गाठ मारून टाकलीय म्हणून आपण वाचलो. म्हणजे शाई तेवढीच, अर्थ फटीने ठरवला.

परीक्षेत अक्षरलेखनाला मुलं पट्टी घेऊन दोन अक्षरांत सारखं अंतर मोजतात आणि तरी शब्द विस्कटलेला दिसतो. कारण अंतर सारखं असून उपयोग नाही, जागा सारखी दिसायला हवी. ट किंवा ठ ची मान बारीक असते, तिच्या दोन्ही अंगांना आधीच भरपूर जागा असते, त्यामुळे शेजारचं अक्षर जवळ आणावं लागतं. ग, ण, श यांना स्वतःचा सुटा काना असतो, तो फक्त शिरोरेषेला टांगलेला, त्यामुळे त्यांच्या पोटातली फट दोन अक्षरांमधल्या फटीपेक्षा मोठी झाली तर काना पुढच्या अक्षराचा वाटायला लागतो. मी सांगते, दोन अक्षरांच्या मधे शिरोरेषेखाली रवा ओततोय असं समजा, प्रत्येक ठिकाणी साधारण सारखाच मावला पाहिजे. आणि अक्षरं झाली की कागद उलटा धरून बघा, वाचता येत नाही म्हणून फटी दिसतात.

फेडेक्सच्या लोगोतला बाण माहीत असेलच, १९९४ साली लिंडन लीडरने केलेला, ई आणि एक्सच्या मधली पांढरी जागा म्हणजे बाण. ज्यांनी अजून पाहिला नाही त्यांनी कुरियरची गाडी दिसली की बघा. एकदा दिसला की मग तो न दिसणं जमत नाही.

रंग लावताना

जलरंगात पांढरा रंग नसतो असं धरूनच चालायचं, कागद हाच पांढरा. मग पांढऱ्या कागदावर मोगरा कसा काढणार? मोगरा नाही, मोगऱ्याच्या मधला हिरवा अंधार काढायचा. आधी अगदी पातळ पिवळसर हिरव्याचा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सपाट हात, फुलांच्या जागा कोऱ्या सोडून. पूर्ण वाळू द्या, बोटाची मागची बाजू लावून बघा, गार लागलं तर अजून ओलं आहे. मग पेन्सिलने पुढची दोन-चार पानं हलकी आखा आणि त्यांच्या बाहेरची जागा थोड्या गडद हिरव्याने भरा, पानं पहिल्या वॉशच्या रंगाची राहतील. परत वाळवा, त्या गडद भागात मागची पानं आखा, त्यांच्या बाहेर आणखी गडद. असे तीन थर पुरे, चौथ्यात चिखल होतो. फुलाच्या पाकळीची कड हिरव्याने कापायची, पांढऱ्यावर काही करायचं नाही, फार तर सावलीला एक निळसर फिकट हात.

शिल्पातही हेच चालतं पण ते घरी करून बघायचं नसल्यामुळे पटकन सांगते. वेरूळचं कैलास लेणं, आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, बांधलेलं नाही, वरून खाली कोरत आणलेलं आहे. आधी डोंगरात खंदक खणले, मधे दगडाचा ठोकळा उरला आणि त्यातून देऊळ काढलं. सुमारे ३० मीटर उंचीचं. आपण गेलो की सगळे देवळाचे फोटो काढतो, पण आपण ज्या अंगणात उभे असतो ते अंगणच कारागिरांनी आधी केलेलं, देऊळ नंतर. आणि रेचल व्हाइटरीड या ब्रिटिश शिल्पकार बाईने १९९३ मधे पूर्व लंडनमधल्या एका घराच्या आत काँक्रीट भरलं आणि नंतर भिंती काढून टाकल्या, म्हणजे खोल्यांमधली हवाच घट्ट होऊन उभी राहिली. पुढच्याच जानेवारीत ते पाडलं. मला ते फक्त फोटोत बघायला मिळालंय, खिडक्या आत गेलेल्या असायच्या तिथे बाहेर आलेल्या, बघून पोटात कसंतरी होतं.

घरी काय काय काढायचं

स्टूल तीन वेळा, तीन कोनांतून. मग कढीपत्त्याची फांदी, पानांच्या मधल्या फटी मोजत बसाल तर वेडे व्हाल, त्यामुळे एकेक झुपका घ्या. कात्री उघडी ठेवून. गॅसची शेगडी वरून, बर्नरवरच्या जाळीच्या मधले तुकडे फार सुंदर असतात. स्वतःचा डावा हात कमरेवर ठेवून आरशात, कोपर आणि पोट यांच्या मधला त्रिकोण, फिगर ड्रॉइंग शिकणाऱ्यांनी हा त्रिकोण पाठ करावा एवढा तो उपयोगी आहे.

सायकल सगळ्यात शेवटी घ्या, आणि घ्याच. फ्रेममधला मोठा त्रिकोण हा पहिला तुकडा, तो जमला की अर्धी सायकल झाली. मग पुढचं चाक आणि फ्रेमची खालची नळी यांच्या मधली फट, मग कॅरिअरखालची. स्पोक काढायचे नाहीत. विचारतीलच कोणीतरी, "बाई स्पोक?" नाही. रिममधलं सगळं मिळून एक तुकडा, आणि तोही गोल नसतो, तिरक्या सायकलीचा लंबगोल असतो, मोजून बघा.